ठमाबाईची काटकी

मित्रांनो, माझ्याकडे बघून हसू नका. पाते झिजून निम्म्यावर आले आहे, दांडा हलतो आणि गंजाने कडेचे तुकडे पडले आहेत. मी एक जुनी खुरपी आहे. खरवईच्या एका पडवीत वाशाला खोचलेली मी आता नुसती लटकून असते. काम संपलेल्या जिवाला बोलायचा कंटाळा येतो, आणि गप्पही बसवत नाही. तेव्हा एकदाचे सांगून टाकते. मध्येच दम घेतला तर घाई करू नका.

माझे कूळ काही मोठे नाही. लढाई संपली तेव्हा इकडच्या माळांवर लष्कराच्या मोडक्या लॉऱ्या बेवारशी उभ्या होत्या. त्यातल्या एकीच्या कमानीचा पाटा कुळगावच्या आनंदा लोहाराला मिळाला. त्याने मला भट्टीत लाल केले, बडवले, पाण्यात बुडवले आणि पुन्हा बडवले. बडवताना त्याची बडबड चालूच असे. "सायबाची लॉरी वाहून वाहून दमलीस ना? आता गवत काढ. तेही काय हलकं काम नाय." त्याचे म्हणणे खरे ठरले. मी लॉरीखाली दमले असेन तेवढीच मातीतही दमले.

बाभळीचा दांडा बसवून आनंदा लोहाराने मला ज्या बाईच्या हातात दिले ती ठमाबाई. आगरी घरातली, चाळिशी उलटलेली, नवरा गेलेली. हात एवढे राठ की माझा दांडाच त्यांना घाबरला असेल. ती माझ्याशी बोलायची. माणसांशी फारशी बोलत नसे, पण उकिडवी बसून निंदायला लागली की तिचे ओठ हलायला लागत. म्हणून तिची सगळी कहाणी मला ठाऊक झाली, आणि ती ऐकणारी बरीच वर्षे मी एकटीच होते.

ठमाबाईचे घर अंबरनाथजवळच्या एका पाड्यात होते. लढाईच्या दिवसांत तिथे छावणी बसायची ठरली आणि पाडा उठवला गेला. घरे पाडली, बांध मोडले, विहीर बुजवली, आंबे-चिंचा तोडल्या आणि सगळे सपाट केले. ठमाबाई खरवईला भावाकडे आली. पाडा उठायच्या आदल्या वर्षी तिची एकुलती एक मुलगी तापाने गेली होती. जनी तिचे नाव, वय सात. ठमाबाईजवळ तिचा फोटो नव्हता, कपडा नव्हता. जनी जिथे निजायची, जिथे शेवटची निजली, ती जागा तेवढी उरली होती, आणि छावणीने तीही पुसून टाकली. खुणेला एक झाडसुद्धा ठेवले नाही. "माजं घर कुटं व्हतं त्येच मना सांगता येत नाय गो," असे ती मला म्हणायची आणि गवताची जुडी उपटून बाजूला टाकायची.

माझी उमेदीची वर्षे बरी गेली. उल्हास नदीच्या कडेला ठमाबाईच्या भावाची भाजीची वाडी होती. तिथे मी मुळे काढले, वांग्यांना भर घातली. भाजीची पाटी घेऊन ती उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जायची, तेव्हा मी पाटीतच असे. बराकीत नव्याने राहायला आलेल्या सिंधी बायका एकेक जुडी उचलून विचारत, "अम्मा, ये क्या है?" ठमाबाई नाव सांगायची, मग चुलीचा आणि खाण्याचा हावभाव करून दाखवायची. एका बाईने बराकीमागच्या हातभर जमिनीत मेथी लावली होती. ती मला हातात घेऊन म्हणाली, "ऐसी खुरपी तो हमारे गाँव में थी." तिने मला परत दिले खरे, पण जरा उशिराने. माझे एवढे कौतुक पुन्हा कोणी केले नाही.

निंदण्याची ठमाबाईची एक रीत होती. ती तिच्या सासूची, कमळाबाईची. ज्या रोपाचे नाव ठाऊक नाही ते उपटायचे नाही. त्याच्या शेजारी एक काटकी रोवायची आणि पुढे सरकायचे. दुसऱ्या फेरीला ते जरा मोठे झालेले असते. तेव्हा पान चुरगळून वास घ्यायचा, कोणा म्हाताऱ्या बाईला दाखवायचे. ओळख पटली की मग ठेवायचे किंवा काढायचे. "काटकी हाय तवर तो पावना," ती म्हणायची. या रिवाजामुळे आमचे काम दुप्पट व्हायचे. उन्हात चार वेळा त्याच रोपाशी थांबायचे म्हणजे काय असते ते मला विचारा!

पुढे भावाची वाडी पुरात वाहून गेली आणि ठमाबाई अंबरनाथला कामाला जाऊ लागली. तिथे, छावणी उठून गेलेल्या माळावर, कारखान्याच्या साहेबलोकांची बैठी घरे झाली होती. त्यातल्या एका घरात हेमचंद्र प्रधान नावाचे अधिकारी राहत. त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई यांना बागेचा भारी सोस. वर्ष-दीड वर्षात बदली, आणि दर बदलीला नवी बाग. ही त्यांची पाचवी. आधीच्या चारही बागांत फुले यायच्या सुमाराला सामान बांधायची वेळ आली होती. त्या हसून सांगायच्या, पण हसण्यात दमणूक होती. मला ती ओळखू येते.

ते साल चोपन्न. घरामागची जमीन कडक मुरमाड, खडी आणि विटांच्या तुकड्यांनी भरलेली. ठमाबाईने आणि मी ती दीड महिना उकरली. माझे टोक तेव्हाच गेले. खत पडले, पाणी पडले, आणि पाऊस सुरू होताच पेरले नव्हते ते सगळे वर आले. तुम्ही नवी बाग केली असेल तर तुम्हाला ठाऊक असेलच. माती स्वतःच्या आठवणी आधी वर काढते, तुमच्या बियांकडे नंतर बघते.

कुमुदिनीबाईंनी एक जाड वही केली. दिसेल त्या अनोळखी रोपाचे पान त्या वहीत दाबायच्या आणि खाली ठमाबाईला विचारून नाव लिहायच्या. केना, आघाडा, कुर्डू, भुईआवळी. हौस खरी होती, पण घोटाळेही व्हायचे. पुण्याहून आणलेले विलायती फुलांचे बी त्यांनी एका वाफ्यात टाकले. तिथे हिरवीगार रोपे आली. संध्याकाळ झाली की त्यांची पाने मिटायची. बाई घाबरून आणखी पाणी घालायच्या. असे अकरा दिवस चालले. बाराव्या दिवशी ठमाबाई फार आदराने म्हणाली, "बाय, तुजा टाकला लय बेस आलाय. आता खुड, न्हायतर जून व्हईल."

"टाकळा? ही रानभाजी?" कुमुदिनीबाई खालीच बसल्या. "अगं, मग मिटत का होता रोज?"

"त्यो निजतंय रोज. सवय हाय त्येची."

"आणि तू अकरा दिवस बोलली नाहीस?"

"मना वाटलं तुला आवडतंय."

बाई एवढ्या हसल्या की साहेब बाहेर येऊन बघून गेले. ठमाबाई सगळ्यांनाच अगं-तुगं करायची, तिच्या बोलीत तशीच रीत होती. कुमुदिनीबाईंना त्याचा राग आला नाही. पण दोघींमध्ये एक उंबरा होता. ठमाबाई मागच्या दाराच्या आत कधी गेली नाही. पाणी बाहेर, भाकरी बाहेर. कोणी तसे सांगितले नव्हते, आणि कोणी वेगळेही काही सांगितले नव्हते.

आषाढात घराच्या मागच्या भिंतीपासून थोड्या अंतरावर एक पान वर आले. पहिल्यांदा सुरळी, मग रुंद, टोकदार. वरून हिरव्यावर फिकट पट्टे, आणि उलटे करून पाहिले तर खालची बाजू वांग्याच्या रंगाची. ठमाबाईने पान उलटले आणि तिच्या हातातून मी खाली पडले. तिने पानाची कड चुरगळली, वास घेतला, पुन्हा घेतला.

"भुईचाफा," ती माझ्याशी पुटपुटली. "जनीनं लावलेला. दाराच्या उजव्या अंगाला, पागोलीखाली." मग लगेच मान हलवली. "का रानहलद असंल? पान सारकंच दिसतंय."

मित्रांनो, भुईचाफ्याची गंमत अशी की फूल आणि पान कधी एकत्र दिसत नाहीत. फुले चैत्र-वैशाखात उघड्या मातीतून थेट वर येतात, तेव्हा पान नसते. पाने पावसात येतात, तेव्हा फूल नसते. थंडीत सगळे वाळून मुळाचा गड्डा जमिनीखाली निजतो. गुरे-शेळ्यांनी खाल्ले, खडी पसरली, तरी तो असा निजून वर्षानुवर्षे तग धरतो. पण तो तोच आहे का, हे फुलाशिवाय सांगता येत नाही. ठमाबाईला नऊ महिने थांबायचे होते. तो भुईचाफा निघाला, तर तिचे दार कुठे होते ते तिला कळणार होते. दार कळले की सगळे घर कळणार होते.

तिने पानाशेजारी काटकी रोवली. कुमुदिनीबाईंना मात्र काही सांगितले नाही. तोंडातून शब्द काढला आणि रानहळद निघाली तर? त्या भीतीने ती गप्प राहिली. मला तेव्हाच वाटले होते, बाई, सांगून टाक. पण खुरपीला तोंड कुठे असते?

भाद्रपदात गौरी आल्या. ठमाबाईने खरवईला घरी राहायला आठ दिवसांची सुट्टी घेतली आणि मला मागच्या ओट्यावर ठेवून गेली. इकडे कुमुदिनीबाईंकडेही गौरी. हळदीकुंकवाला कारखान्यातल्या सगळ्या साहेबांच्या बायका येणार. बाईंनी बागेत चक्कर मारली. त्यांना ठिकठिकाणी काटक्या दिसल्या, एकूण नऊ.

आता हे समजून घ्या. आधीच्या गावी, खडकीला, त्यांच्याकडे एक माळी होता. उपटायच्या रोपांपाशी तो काड्या रोवून ठेवायचा. कुमुदिनीबाईंना तीच खूण माहीत. त्या हेमचंद्ररावांना म्हणाल्या, "बिचारीने खुणा करून ठेवल्यात, वेळ मिळाला नाही तिला. एवढं मीच उरकते. आल्यावर तेवढाच तिला आराम."

आणि त्यांनी मला उचलले. त्यांच्या मनात ठमाबाईचा शीण कमी करावा यापलीकडे काही नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. त्यांचे हात मऊ होते, मला धरायची सवय नव्हती. एकेक करत त्या शेवटच्या काटकीपाशी आल्या. पान त्यांना सुंदर वाटले, म्हणून आधी एक पान खुडून वहीत दाबले. मग मला मातीत घातले.

मी गड्ड्याला लागले तो क्षण मला आजही नको वाटतो. मला वळता येत नव्हते, बोथट होता येत नव्हते. आनंदा लोहाराने मला चांगले पोलाद करून ठेवले होते ना! गड्डा मधोमध तुटला. वरचा भाग पानांसकट बाहेर आला, खालचा मातीतच राहिला. हे फक्त मला कळले. बाईंनी खड्डा बुजवला, वर पाय देऊन माती दाबली आणि उपटलेले सगळे केराच्या गाडीत टाकून दिले.

ठमाबाई परत आली तेव्हा कुमुदिनीबाई दारातच उभ्या होत्या. "बघ, तुझं काम मी केलं की नाही! नऊच्या नऊ, मुळासकट."

ठमाबाई त्या जागेपाशी गेली आणि बसली. रडली नाही. तिचा चेहरा मी आठ वर्षे जवळून पाहिला होता, पण इतका दमलेला कधी पाहिला नव्हता.

"बाय," ती म्हणाली, "काटकी ठेवायची म्हून लावली व्हती."

कुमुदिनीबाईंना आधी कळलेच नाही. मग ठमाबाईने सांगितले. चारच वाक्ये. पाडा, पोर, चाफा, दार. मी आठ वर्षे ऐकत होते ते एवढ्यात सांगून झाले. बाईंनी तोंडावर हात धरला. धावत आत गेल्या, वहीतले पान घेऊन आल्या, ठमाबाईच्या ओंजळीत ठेवले. दोघी त्या पानाकडे बघत राहिल्या. केराची गाडी तर चार दिवसांपूर्वीच गेली होती.

"गड्डा वर आला तो तुटका होता," कुमुदिनीबाई एकदम म्हणाल्या. "आत्ता आठवतंय मला. म्हणजे अर्धा खाली असेल? उकरून बघूया?"

मी मनातून ओरडत होते, आहे, आहे!

"असंल, न्हायतर नसंल," ठमाबाई म्हणाली. "पन आता उकरू नको. असंल तर निजू दे. जखम झालीया त्येला."

त्यानंतरचे महिने मला फार लांब गेले. कुमुदिनीबाईंनी त्या जागेभोवती विटांचे कडे केले. मला कोणी तिथे फिरकू देईना. खरे तर मला कोणी हातच लावीना. ठमाबाई हाताने गवत काढी आणि मी एका डब्यात पडून असे. पहिला गंज तेव्हा चढला. रागावून काही उपयोग नव्हता, मला माझाच वीट आला होता.

माघात हेमचंद्ररावांना बदलीचा हुकूम आला. जबलपूर. ते म्हणाले, "महिनाभरात निघायचं." कुमुदिनीबाई म्हणाल्या, "तुम्ही पुढे व्हा. घर लावा. माझं सामान बांधायचं आहे." साहेब गेले. इकडे बाई सामान बांधायच्या आणि सोडायच्या. पितळी भांडी तीनदा गवतात गुंडाळली, तीनदा बाहेर काढली. जबलपूरहून पत्रे येत. "एवढं काय सामान आहे आपलं?" बाई उत्तर लिहीत, "आवरत आणलं आहे." ठमाबाई रोज येऊन विटांच्या कड्यापाशी डोकावायची आणि कामाला लागायची. जागेवर नुसती भेगाळलेली माती. चैत्राचा पाडवा होऊन गेला. नव्या साहेबांची माणसे येऊन घर बघून गेली. मागची जागा सपाट करून तिथे खेळायला पटांगण करू, असे ती आपसात बोलत होती. बाईंना आणखी आठ दिवस मिळाले.

सहाव्या दिवशी सकाळी कुमुदिनीबाईंची हाक ऐकू आली. "ठमाबाई! अगं ठमाबाई!"

मातीची ढेप जरा उचलली गेली होती आणि तिच्या फटीतून एकच फूल वर आले होते. पांढरे, मधली पाकळी जांभळी. पान नाही, देठ नाही. जमिनीनेच ते डोक्यात माळावे तसे. वास दारापर्यंत येत होता.

ठमाबाई फुलापाशी वाकली. "त्योच," म्हणाली. "जनीचा."

मग ती उठली आणि डब्यातून मला घेऊन आली. सात महिन्यांनी तिचा हात लागला. फुलाकडे पाठ करून तिने डावीकडे दोन पावले टाकली आणि माझ्या पात्याने मातीत एक रेघ ओढली. "ह्यो उंबरा." मग आत चार पावले. "हितं चूल." आणखी एक रेघ. "हितं जातं." मी चिरत होते आणि बागेत एक घर उभे राहत होते. आयुष्यभर मी नुसते उपटले, पण त्या सकाळी मी घर आखले. मित्रांनो, माझ्या हातून झालेले खरे काम तेवढेच.

कोपरा तेवढा राहिला होता, जनीच्या निजण्याचा. ठमाबाई पावले मोजत पुढे गेली आणि थबकली. समोर बंगल्याचे मागचे दार होते. अजून तीन पावले उरली होती आणि ती दाराच्या आत पडत होती. स्वयंपाकघरात.

ठमाबाई तिथेच उभी राहिली.

"ये," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "आत ये."

"पाय मातीचं हायेत, बाय."

"असू देत. ये तू."

ठमाबाई आत गेली. एक, दोन, तीन. तिथे बांधलेल्या ट्रंकांची चळत होती. कुमुदिनीबाईंनी पदर खोचला आणि एकटीने त्या जड ट्रंका ओढून बाजूला केल्या. खाली काळी फरशी होती, थंड. ठमाबाई खाली बसली. मला मांडीशी ठेवले आणि फरशीवर तळहात टेकवला. लेकराच्या कपाळाचा ताप बघतात तसा.

"हितं निजायची," ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांनी रडली.

कुमुदिनीबाई तिच्या शेजारी फरशीवरच बसल्या. तिचे रडणे होऊ दिले. मग हळूच विचारले, "दिसायला कशी होती गं जनी?"

हे ठमाबाईला कधी कोणी विचारलेच नव्हते. ती सांगू लागली. चूल पेटली नाही, ट्रंका उघड्या राहिल्या, दारावर टांगेवाला येऊन परत गेला, तरी ती सांगतच होती.

दोन दिवसांनी कुमुदिनीबाई जबलपूरला गेल्या. नव्या साहेबांनी पटांगण केले. ठमाबाईही पुढे थकली आणि गेली. मी इथे वाशाला आहे. मला घासूनपुसून ठेवा, धार लावा, असे मी म्हणणार नाही. माझे दिवस झाले, आणि ज्या पात्याने तो गड्डा कापला त्याला गंज चढला तर मला वाईट वाटत नाही.

पण तुमचे हात कोवळे आहेत, तुम्ही पुष्कळ बागा कराल. तुमच्या जमिनीत कधी एखादे अनोळखी पान वर आले, तर लगेच हत्यार उचलू नका. ते आपल्या ओळखीचे नाही म्हणून ते कोणाचेच नाही असे होत नाही. जरा थांबा. आजूबाजूला विचारा. त्या पानासाठी कोणी आई रोज खरवईहून चालत येत असेल.